खिळ्याच्या तळाची चिठ्ठी

अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर उपासनेत, दीडदोनशे माणसांसमोर माझ्या बाळंतपणासाठी प्रार्थना झाली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मीही हसले. पण त्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती विझवायला जो जो पुढे आला त्याने तेलच ओतलं.

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचा साचा घेतात, तो माझ्याकडे येतो, मग मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासते, चकचकीत करते. पस्तीस वर्षं झाली. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात, त्यामुळे कोण माझ्याकडे बघून हसतंय आणि कशाने हसतंय हे मला चांगलं कळतं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं कमी, काम चोख. त्यांच्या पुढच्या दोन दातांनी मात्र माझा जन्मभर अपमान केलाय. एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत. किती वेळा म्हटलं, "अहो, एवढे ते नीट करून घ्या, लोक मला काय म्हणतील?" पण नाही म्हणजे नाही. माणूस ऐकून घेतो आणि हसतो, आणि हसला की तेच दोन दात पुढे.

तर खिळ्याचं सांगत होते. आमच्या चर्चमध्ये पाळकांच्या उभं राहायच्या जागेशेजारी एका टेबलावर खिळा आहे. लाकडी ठोकळ्यात उभा ठोकलेला, टोक वर, दुकानदार कागद खोचतात ना, तसला. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने चिठ्ठी लिहून त्यावर खोचायची, म्हणजे मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. नियम एकच. ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची, आणि काढताना सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणायचं, "उत्तर मिळालं." हा नियम कोणी केला ते कुणालाच माहीत नाही, आणि तो मोडायची हिंमतही कुणाची नाही.

जुने पाळक होते तेव्हा ते वरून चिठ्ठ्या वाचायचे. ताजी चिठ्ठी आधी. पाच मिनिटं झाली की डोळे मिटून म्हणायचे, "आणि प्रभू, खालच्या सगळ्या." झालं. माझी चिठ्ठी खोचल्यावर महिनाभर वाचली गेली, मग तिच्यावर कुणाची परीक्षा बसली, कुणाचं गळकं छप्पर बसलं, आणि ती खाली खाली गेली. पहिली काही वर्षं "खालच्या सगळ्या" हे शब्द आले की मी डोळे गच्च मिटायची. त्या दोन शब्दांत मी आहे, असं वाटायचं. पुढे पुढे मी त्या वेळात चष्मा पुसायला लागले.

यंदा मंडळीला नवीन चिटणीस मिळाले. पासपोर्टच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर टोकन वाटलेला माणूस. त्यांनी खिळा पाहिला आणि त्यांना म्हणे तीन दिवस जेवण गेलं नाही. "नंतर आलेल्याचं काम आधी? हा अन्याय आहे!" पंचांच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला: यापुढे तळापासून वाचायचं, क्रमाने, आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याची चिठ्ठी घ्यायची नाही. देवाचं लक्ष उगाच दहा ठिकाणी वाटलं जातं, म्हणून काहीच धड होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंचांनी घड्याळात बघितलं आणि ठराव मंजूर केला.

आणि त्या रविवारी चिटणीसांनी डाव्या हाताने अख्खा गठ्ठा वर उचलून धरला, मान वाकडी करून तळची चिठ्ठी पाहिली आणि टोकन पुकारल्याच्या आवाजात वाचली: "आम्हा दोघांना मूल व्हावं. मुलगी असेल तर उत्तम. तिचे दात मात्र बापावर जाऊ नयेत." खाली आमची दोघांची नावं, माझ्या एकतिसाव्या वर्षीच्या अक्षरात.

वर पंखा तेवढा करकरत होता. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आमेन." आणि मग सगळेच म्हणाले. मनापासून म्हणाले हो, तेच तर दुखणं! कुणी फिदीफिदी हसलं असतं तर मी उठून दोन शब्द सुनावले असते. पण ही माणसं डोळे मिटून, हात जोडून, कपाळाला आठ्या घालून माझ्यासाठी बाळ मागत होती. मी शेजारी पाहिलं. आमच्या ह्यांचे डोळे मिटलेले होते, आणि ओठ हलत होते.

बाहेर आल्यावर मला वाटलं, चला, झाली शोभा, संपलं. कसलं संपतंय! सुताराने खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, सागाचा चालेल ना?" मी म्हटलं, "काय सागाचं?" "पाळणा हो. विश्वास आहे तर तयारी नको?" शिंपीणबाईंनी तिथेच पायरीवर टेप काढून माझ्या कंबरेभोवती गुंडाळली आणि पुढे ढिलं लागेल म्हणून चार बोटं जास्त धरली. शाळेच्या मुख्याध्यापिकेने प्रवेशाचा अर्ज पाठवून दिला, आईच्या वयाची जागा तेवढी मोकळी ठेवून. पुढच्या रविवारी मला कडेची खुर्ची, पाठीला उशी. एकाने तर माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, "ताई, आता वजन उचलायचं नाही!" पिशवीत कोबी होता.

मी पाळकांना घरी बोलावलं. आमचे पाळक एकतीस वर्षांचे, जरा काही झालं की गोरेमोरे होणारे, कायम घसा खाकरणारे. चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "पाळकसाहेब, हे थांबवा. तुम्ही उभे राहून सांगा की आता हे शक्य नाही."

त्यांनी कप उचलला, परत ठेवला. "तसं कसं सांगू? देवाला अशक्य काही नाही, असं मी गेल्याच महिन्यात सांगितलंय. सलग तीन रविवार."

"अहो, पण मी अठ्ठावन्न वर्षांची आहे!"

"शास्त्रातल्या त्या बाईंना नव्वदीत मुलगा झाला," ते हळूच म्हणाले. "त्या हिशेबाने तुमच्याकडे अजून..." आणि माझा चेहरा बघून त्यांनी बिस्कीट तोंडात कोंबलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण रांग अडली होती ना! चिटणीसांच्या नियमाप्रमाणे माझं उत्तर आल्याशिवाय पुढची चिठ्ठी घ्यायची नव्हती. दुसरी चिठ्ठी होती घड्याळजींच्या दम्याची. ते अकरा वर्षांपूर्वीच वारले होते, ते प्रकरण निकालात निघालं. पण तिसरी शिंपीणबाईंच्या गुडघ्याची, चौथी गायनमास्तरांच्या मूतखड्याची, आणि त्यावर चढत चढत दोनशे बारा. सगळ्या गावाचं दुखणं माझ्या पोटापाशी येऊन थांबलेलं.

दोन महिने लोक प्रेमाने वागले. तिसऱ्या महिन्यात सूर बदलला. शिंपीणबाई कवळी दाखवायच्या निमित्ताने माझ्या कामाच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण काही हालचाल?"

"कसली हालचाल?" माझ्या हातात गरम मेणाची सुरी होती.

"नाही म्हणजे, एकदाचं काय ते होऊ तरी द्या, नाहीतर सोडा तरी. माझा जिना चढणं बंद झालंय. मी काय म्हणते, तुम्ही दोघंही... प्रयत्न करताय ना?"

मी बसवत असलेली दाढ उलटी बसली. कुणाची होती देव जाणे, पण ती उपटून पुन्हा बसवावी लागली. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. लाजेने नाही. शिंपीणबाई जिना चढताना कण्हायच्या ते मी ऐकलं होतं आणि त्यांचं खरं होतं. माझी ती चिठ्ठी आता कुणाच्याच कामाची नव्हती, माझ्याही नाही. सतरा वर्षं झाली होती मी ते मागणं सोडून.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला एक्केचाळिसावं लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे करा, जिवाला त्रास. मी घरी आले, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवसापासून मागितलं नाही. बस्स. आम्ही दोघं रोज सकाळी चहाच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मनातल्या मनात प्रार्थना करतो, आमेन तेवढं मोठ्याने, लग्न झाल्यापासून. मी डोळे मिटायची आणि दिवसभराच्या कामांची यादी करायची. वरचा जबडा दोन, खालचा एक, प्लास्टर संपलंय, आमेन. देवाशी अबोला धरला होता म्हणा. त्याने धरला होता, मग मीही धरला. त्याला काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, या रविवारी जायचं आणि चिठ्ठी काढायची. चिटणीसांना विचारलं. ते म्हणाले, "दोनच वाक्यं चालतात. 'उत्तर मिळालं' किंवा 'मागणी मागे घेतली'. दुसरं मी नवीन घातलंय, खास तुमच्या सोयीसाठी. मात्र अर्जावर दोघांची नावं आहेत, तेव्हा दोघांनी उभं राहायचं."

शनिवारी दुपारी हे टेबलावर कुठल्याशा लिफ्टची बटणांची पट्टी उघडून बसले होते. मी म्हटलं, "उद्या निळा शर्ट घाला. आपण दोघांनी पुढे जाऊन मागणी मागे घ्यायची आहे."

"नाही," हे म्हणाले.

मला वाटलं शर्टाला नाही म्हणताहेत. "मग पांढरा घाला."

"शर्ट घालतो कुठलाही. मागे घेत नाही."

पस्तीस वर्षांत या माणसाने मला दातांखेरीज कशालाही नाही म्हटलं नव्हतं. मी खुर्ची ओढून समोर बसले. "का म्हणून?"

"मी अजून मागतोय."

"काय मागताय?"

"तेच."

"तेच म्हणजे? अहो, वेड लागलंय का? तुम्ही एकसष्टचे, मी अठ्ठावन्नची! रोज मागता?"

"रोज. सकाळी. तू शेजारीच तर असतेस." त्यांनी एक बटण फुंकर मारून साफ केलं. "बंद कर असं तू कधी म्हणाली नाहीस."

माझं डोकंच फिरलं. लोक हसताहेत, रांग अडलीय, शिंपीणबाईंचा जिना बंद झालाय आणि हा माणूस बटणं फुंकतोय! मी वाट्टेल ते बोलले. म्हटलं, देवाने सत्तावीस वर्षं ऐकलं नाही, याचा अर्थ तुम्हाला अजून लागत नाही? म्हटलं, कसं देणार तो? टपालाने? म्हटलं, तुम्ही बसा मागत, मी कधीच सोडलंय, सतरा वर्षं झाली, एक दिवससुद्धा मागितलं नाही मी! हे शेवटचं तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. इतकी वर्षं सांभाळलेलं बोलून बसले होते.

हे काही दचकले बिचकले नाहीत. "माहीत आहे मला," म्हणाले.

"कसं माहीत?"

"तू आमेन लवकर म्हणायला लागलीस."

पाणी प्यायला उठले आणि नळाशीच उभी राहिले.

"एकदा वाटलं तुला विचारावं," ते मागून म्हणाले. "मग म्हटलं, दमली असेल. तुझ्या वाटचंही मीच मागत जावं. दोनदा मागतो. म्हणून मला वेळ लागतो." मग जरा थांबून, "कसं द्यायचं ते त्याचं काम. मला ते कळत नाही. लिफ्टचं असंच असतं बघ. लोक बटण दाबतात आणि कंटाळून जिन्याने निघून जातात. लिफ्ट येते, दार उघडते, समोर कुणी नाही. मला ते बघवत नाही. कोणीतरी उभं असावं, एवढंच."

पुढची पाच मिनिटं मी त्या माणसावर जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नाही. सतरा वर्षं! सतरा वर्षं मी एकटीच दुःख गिळून बसले होते असं मला वाटत होतं, आणि हा शेजारी बसून माझे खाडे भरून काढत होता आणि बोलत नव्हता. मी ग्लास आपटला. मग मागून जाऊन त्यांच्या टकलावर कपाळ टेकवलं. टकलाला ग्रीसचा वास येत होता.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बातमी पसरली होती ना, की आज रांग मोकळी होणार. गायनमास्तर कुशीवर हात दाबून पहिल्या रांगेत. शिंपीणबाईंनी मला लांबूनच हात जोडले. सुतार पाळणाच घेऊन आला होता, दाराशी ठेवलेला, म्हणाला आता दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू. चिटणीसांनी गठ्ठा उचलून धरला. "अर्ज क्रमांक एक. दोघांनी पुढे यावं."

आम्ही दोघं गेलो. मी तळची चिठ्ठी ओढली. सत्तावीस वर्षांचा कागद तो, भोकापासून कडेपर्यंत फाटला.

"बोला," चिटणीस म्हणाले. "उत्तर मिळालं की मागणी मागे?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं.

"तिसरं वाक्य नाहीये."

"तिसरं वाक्य नकोय मला. नवीन अर्ज करायचा आहे. त्याला काही हरकत?"

त्यांनी नियमांची वही उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. पाळक घसा खाकरून खाकरून लाल झाले. शेवटी चिटणीस म्हणाले, "हरकत नाही. पण नवीन अर्ज रांगेच्या शेवटी जातो. म्हणजे वर. तुमच्यापुढे दोनशे अकरा असतील."

"जाऊ दे की वर. यांची तर सुटका होईल." मी मंडळीकडे हात केला. शिंपीणबाईंच्या तोंडून "देवा" असं काहीतरी बाहेर पडलं.

चिटणीस बिचारे प्रामाणिक. त्यांनी मला अंधारात ठेवलं नाही. पेन काढून कोपऱ्यात आकडेमोड केली. "ताई, वर्षाला साधारण सहा उत्तरं येतात, मी जुनी माहिती काढली आहे. तुमचा नंबर येईल तेव्हा तुम्ही त्र्याण्णव वर्षांच्या असाल. साहेब शहाण्णव."

"त्या नव्वदीच्या बाईंपेक्षा तीनच वर्षं जास्त," पाळक न राहवून म्हणाले आणि ओशाळले.

सगळं चर्च हसलं. मीही हसले, तेव्हा पहिल्यांदा. मग टेबलावरची कोरी चिठ्ठी घेतली. चिटणीसांनी पेन दिलं. काय लिहायचं हे पाठ होतं, फक्त सतरा वर्षं उच्चारलं नव्हतं. आम्हा दोघांना मूल व्हावं. मुलगी असेल तर उत्तम. इथवर लिहिलं आणि मी शेजारी बघितलं. हे माझ्याकडे बघून हसत होते, आणि ते दोन दात, एकमेकांच्या अंगावर चढलेले, नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे.

मी चिठ्ठी पुरी केली. यांनी खाली नाव घातलं, मग मी घातलं, आणि दोघांनी मिळून ती खिळ्याच्या टोकावर दाबली.

चिटणीस म्हणाले, नोंदीसाठी वाचून दाखवावी लागेल. त्यांनी वाचली. शेवटची ओळ वाचताना टोकन पुकारणारा तो आवाज जरासा अडखळला.

"तिचे दात बापावर गेले तरी चालतील."

मी डोळे मिटले, आणि या वेळी आमेन म्हणायची घाई केली नाही.